न दुखणाऱ्या जखमेचा इतिहास

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या वैद्यकीय विषयावर लेख द्यावा, अशी संपादक मंडळाने प्रेमाची आज्ञा केली आणि चर्चेअंती मधुमेह हा विषय ठरला. परंतु मधुमेहात काय खावे व काय टाळावे यावर आजवर इतके लिहिले गेले आहे की, त्यात भर घालण्याची माझी इच्छा नव्हती. मी शल्यचिकित्सक. माझ्याकडे मधुमेह येत असे तो रक्ताच्या किंवा लघवीच्या तपासणीतून नव्हे, तर पायातून. आणि बहुधा फार उशिरा. म्हणून मधुमेही रुग्णांच्या पायांना होणाऱ्या जखमांचा आणि त्यापायी कापाव्या लागलेल्या, तसेच वाचू शकले असते तरीही कापले गेलेल्या पायांचा इतिहास येथे सांगावयाचे योजिले आहे. विषय मंगलप्रसंगाला शोभणारा नाही याची जाणीव आहे. वाचकांनी क्षमा करावी.

१९७७ सालची गोष्ट. मुंबईतील एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात मी निवासी डॉक्टर होतो. गिरणगावातून एक गृहस्थ वॉर्डात दाखल झाले. वय पंचावन्नच्या आसपास, गिरणीच्या साचाखात्यात नोकरी, मधुमेह दहा-बारा वर्षांचा. डाव्या पायाचा अंगठा काळा पडलेला, तळव्याला खोल जखम आणि तिला येणारा तो ओळखीचा वास. चप्पल उलटी करून पाहिली तर टाचेपुढे एक खिळा वर आलेला होता. जवळजवळ तीन आठवडे ते त्या खिळ्यावरून चालत होते. "काका, इतके दिवस काय केलंत?" असे मी जरा रागानेच विचारले. ते शांतपणे म्हणाले, "दुखत नव्हतं हो डॉक्टर. दुखलं असतं तर आलो नसतो का?"

दुसऱ्या दिवशीच्या फेरीत वरिष्ठांनी पाय तपासला. गुडघ्यामागची नाडी हाताला लागत होती, पावलावरची लागत नव्हती. निदान तत्काळ झाले: मधुमेहाने पावलातील बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्या आहेत, तेथे करण्यासारखे काही नाही. पाय मांडीतून काढण्यात आला. चौदा महिन्यांनी ते गृहस्थ पुन्हा आले ते उजवा पाय घेऊन. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांप्रमाणे पाहिले तर आमच्याकडून काहीही चुकले नव्हते. 'दुखत नव्हतं' हे त्यांचे वाक्य आणि 'बारीक वाहिन्या बंद' हे आमचे वाक्य, या दोहोंच्या मागे केवढा इतिहास आहे, हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळले.

मधुमेहाची ओळख आपल्या देशाला फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहामुळे उठणाऱ्या पिडकांचे, म्हणजे गळवांचे, स्वतंत्र वर्णन आहे आणि त्यांच्या चिकित्सेला एक पूर्ण अध्याय दिला आहे. मधुमेही माणसाच्या वाहिन्या दुर्बळ झाल्याने दोष वर चढू शकत नाहीत आणि म्हणून त्याच्या पिडका शरीराच्या खालच्या भागात उठतात, असे तेथे म्हटले आहे. ही कारणमीमांसा आजच्या शास्त्राची नाही; परंतु निरीक्षण अस्सल शल्यचिकित्सकाचे आहे. मौज अशी की, त्याच्या आधीच्याच अध्यायात निर्धन मधुमेही माणसाला उपाय सांगितला आहे तो असा: पायात जोडा नाही, डोक्यावर छत्री नाही, भिक्षेवर निर्वाह, एका गावी एकच रात्र मुक्काम, अशा रीतीने मुनीप्रमाणे संयमाने शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे. हे वर्णन वाचून या स्मरणिकेच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे कोणाची मूर्ती उभी राहील, हे सांगावयास नको. यातील चालण्याचा सल्ला आजही कोणताही वैद्य मान्य करील. अनवाणी चालण्याचा सल्ला मात्र ज्याच्या पावलांना अजून खडा बोचतो त्यालाच मानवणारा आहे.

युरोपात मधुमेह आणि पायाचा कोथ, म्हणजे ज्याला आपण गँगरीन म्हणतो, यांचा संबंध ठामपणे मांडला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील मार्शाल द काल्वी यांनी. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १८६४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर वीस वर्षांनी, १८८४ मध्ये, लंडनचे सर्जन फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी तळपायाला भोक पाडणाऱ्या जखमेवरील उपचार 'लॅन्सेट' नियतकालिकात लिहिला. हेच ट्रीव्ह्ज पुढे सातव्या एडवर्ड राजाच्या शस्त्रक्रियेमुळे जगप्रसिद्ध झाले. त्यांच्यापुढचे रुग्ण प्रामुख्याने मधुमेही नव्हते; पण त्यांनी सांगितलेली गोष्ट महत्त्वाची होती. जखमेभोवती घट्ट झालेली कातडी पोटीस बांधून मऊ करावी, ती धारदार शस्त्राने काढीत जावे, रुग्णाला अंथरुणावर विश्रांती द्यावी आणि बरे झाल्यावर पादत्राणाची काळजी घ्यावी. तीन वर्षांनी, १८८७ मध्ये, डेव्हिस प्राइस यांनी त्याच नियतकालिकात दोन्ही पायांना अशाच जखमा असलेल्या मधुमेही रुग्णाची हकिकत दिली आणि तिचा संबंध मज्जातंतूंच्या विकाराशी जोडला. म्हणजे घट्टा काढा, भार काढा, जोडा नीट द्या आणि मज्जातंतूंकडे लक्ष ठेवा, एवढे सर्व १८८७ पर्यंत छापून झाले होते. ते वाचून आचरणात आणावयास जगाला आणखी शंभर वर्षे लागली.

असे का झाले, याचे एक उत्तर असे की, तेव्हा मधुमेही माणूस पाय सडेपर्यंत जगतच नसे. निदान तरुण रुग्ण तरी नसे. तो मधुमेही मूर्च्छेत जात असे. १९२१ मध्ये टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिनवरील प्रयोग सुरू केले. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्या रुग्णाला टोचण्यात आले आणि चित्र पालटले. मात्र पालटलेल्या चित्राची दुसरी बाजू प्रथम ज्यांच्या ध्यानी आली ते बॉस्टनचे डॉ. इलियट जोसलिन. आपल्या रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षे काटेकोरपणे ठेवणारा हा वैद्य. १९३४ मध्ये त्यांनी मधुमेही गँगरीनच्या संकटावर एक लेख लिहिला. मूर्च्छेने होणारे मृत्यू साठ टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आले होते. पण गँगरीनचे मृत्यू वाढत होते. ज्यांना इन्शुलिनने वाचविले तेच आता पायाने मरत होते. जोसलिन यांनी आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली. ही आपत्ती दैवाने धाडलेली नसून माणसाच्या हयगयीतून उद्भवणारी आहे आणि म्हणून टाळता येणारी आहे. रुग्णाला पाय धुण्यास, पुसण्यास आणि रोज पाहण्यास शिकवणे, हा त्यांच्या उपचाराचाच भाग होता. बॉस्टनच्या डिकनेस रुग्णालयात पायांची निगा राखणाऱ्या तज्ज्ञाला वैद्याच्या आणि सर्जनच्या शेजारी जागा मिळाली. त्या काळी हे सर्वसामान्य नव्हते.

यानंतर इतिहासाने एक चुकीचे वळण घेतले. माझ्या त्या गिरणी कामगार रुग्णाचा पाय याच वळणावर गेला, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

१९५९ मध्ये अमेरिकेत गोल्डनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापलेल्या पायांच्या सूक्ष्मदर्शक तपासणीचा निबंध प्रसिद्ध केला. मधुमेही माणसाच्या पायात अगदी बारीक धमन्या बंद पडणारा वेगळाच विकार असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पाच वर्षांत, १९६४ मध्ये, सिएटलच्या स्ट्रँडनेस आणि सहकाऱ्यांनी मधुमेही व अमधुमेही पायांची तुलना केली तेव्हा तसा फरक त्यांना आढळला नाही. पण पहिले वाक्य पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले होते. वाक्य सुटसुटीत होते आणि सर्जनला सोयीचेही. नळीचा वरचा भाग तुंबला असेल तर तो ओलांडून पुढे रक्त नेता येते. पण शेवटच्या हजारो बारीक तोट्याच बंद असतील तर नळीला जोड देऊन काय उपयोग? म्हणून कापा, आणि कापायचेच तर उंचावर कापा, म्हणजे जखम भरेल. हा युक्तिवाद आम्ही विद्यार्थ्यांना तोंडपाठ शिकविला. मीही शिकविला.

वास्तविक साधने हाताशी येत होती. १९४८ मध्ये पॅरिसमध्ये झाँ कुनलिन यांनी रुग्णाचीच शीर वापरून पायातील तुंबलेल्या धमनीला वळसा देण्याची शस्त्रक्रिया केली होती. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी तर पाय न फाडता, नळीतून नळी सरकवून, अरुंद झालेली मांडीतील धमनी रुंद केली. त्यांची रुग्ण ८२ वर्षांची वृद्धा होती. पावलावर जखम, बोटे काळी पडलेली, आणि पाय कापून घेण्यास बाईंचा साफ नकार. सर्जननी सांगितले होते, दुसरा इलाज नाही. त्या बाई पुढे मृत्यूपर्यंत स्वतःच्याच पायांनी चालल्या. आज हृदयासाठी जी अँजिओप्लास्टी घराघरांत ठाऊक आहे, तिचा जन्म असा एका म्हातारीच्या हट्टातून आणि पायाच्या जखमेतून झाला आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

मधुमेही पायांच्या बाबतीत ती अंधश्रद्धा, आणि मी तिला अंधश्रद्धाच म्हणेन, अधिकृतपणे मोडीत निघाली ती १९८४ मध्ये. बॉस्टनच्या लोगेर्फो आणि कॉफमन यांनी पूर्वीचा सर्व पुरावा पुन्हा तपासून दाखवून दिले की, बारीक वाहिन्या बंद पाडणारा असा विकार मधुमेहात नाही. धमन्या तुंबतात, पण त्या प्रामुख्याने गुडघ्याखाली, पोटरीत. पावलातील धमन्या पुष्कळदा मोकळ्या राहतात. म्हणजे गुडघ्यामागची नाडी लागते आणि पावलाची लागत नाही, ही जी खूण आम्ही निराशेची मानत होतो, ती वास्तविक पोटरी ओलांडून पावलापर्यंत रक्त नेता येईल का ते पाहावयास सांगणारी खूण होती. निबंध माझ्या हाती आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. नंतर साचाखात्यातील त्या गृहस्थांचा केसपेपर शोधावयास मी रुग्णालयात गेलो. जुनी कागदपत्रे नष्ट केली होती, असे कळले. त्या पायात रक्त नेता आलेच असते असे मी म्हणत नाही. १९७७ च्या मुंबईत ते कदाचित जमलेही नसते. पण आम्ही पाहिलेसुद्धा नाही.

आता त्यांच्या वाक्याकडे येतो. 'दुखत नव्हतं.' या वाक्याचा अर्थ जगाला लागला तो बॉस्टनमध्ये नव्हे, लंडनमध्ये नव्हे, तर तमिळनाडूत. आणि तोही मधुमेही माणसांकडून नव्हे, तर ज्यांची सावली टाळली जात असे त्या कुष्ठरुग्णांकडून.

पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ मध्ये तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात, मिशनरी आईवडिलांच्या पोटी झाला. लंडनला शल्यशास्त्र शिकून ते १९४६ मध्ये वेलूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. पुढच्या वर्षी त्यांनी चेंगलपट्टू येथील कुष्ठधाम पाहिले. कुष्ठरोगाने मांस सडते आणि बोटे गळून पडतात, अशी तोवर सर्वांची, वैद्यांचीसुद्धा, समजूत होती. ब्रँड यांना ती पटेना. त्यांनी पुढे लिहून ठेवलेला एक प्रसंग असा. कोठाराचे गंजलेले कुलूप त्यांना उघडता येत नव्हते. एका मुलाने पुढे होऊन सहज किल्ली फिरविली. कुलूप उघडले आणि जमिनीवर रक्ताचे थेंब पडले. किल्लीने बोट हाडापर्यंत कापले होते आणि मुलाला त्याचा पत्ताही नव्हता. बोटे रोगाने गळत नव्हती. संवेदना गेल्यामुळे माणसे ती नकळत झिजवीत होती, भाजून घेत होती, कापून घेत होती.

पायाचेही तेच. निरोगी माणूस लांब चालला की पावलाचा एखादा भाग दुखू लागतो आणि तो न कळत चाल बदलतो, भार दुसरीकडे टाकतो. बधिर पाऊल असा निरोप पाठवीत नाही. मग त्याच एका हाडाखाली, त्याच एका जागी, हजारो पावलांचा भार पडत राहतो. कातडी आधी तापते, मग घट्टा धरते, मग घट्ट्याच्या आत रक्त साकळते आणि शेवटी जखम तोंड उघडते. जखम बाहेर दिसते तेव्हा आतून ती जुनी झालेली असते. वेलूरला आणि जवळच्या करिगिरी येथील केंद्रात या विचारावर उपचार उभे राहिले. जखम असलेल्या पावलाला बेताने बसणारे प्लास्टर घालावयाचे, म्हणजे भार सर्व तळव्यावर आणि पोटरीवर विभागला जातो आणि माणूस चालता राहूनही जखम भरते. ही युक्ती ब्रँड यांची स्वतःची नव्हे. १९३० च्या दशकात भारतात व सिलोनमध्ये कुष्ठरोगाचे काम करणाऱ्यांनी ती वापरली होती. ब्रँड यांनी तिच्यामागचे शास्त्र मांडले. जखम भरल्यावर द्यावयाच्या मऊ, सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला, ज्यांना आपल्याकडे एम.सी.आर. चपला म्हणतात, त्याही याच कामातून पुढे आल्या. महाराष्ट्रातील कुष्ठरोग केंद्रांत त्या चपला अनेकांनी पाहिल्या असतील. काळ्या रंगाच्या, जाड तळाच्या. त्या पायात दिसल्या की लोक दूर सरत. पुढे मधुमेही रुग्णाला मी तशीच चप्पल लिहून देऊ लागलो तेव्हा पहिला प्रश्न हाच येई: "डॉक्टरसाहेब, लोक काय म्हणतील?" त्या प्रश्नापायीही काही पाय गेले आहेत.

ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथील सरकारी कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तेथे त्यांच्या ध्यानी आले की, या देशात बधिर पायांचे खरे रुग्ण कुष्ठधामात नाहीतच. ते मधुमेहाच्या दवाखान्यांत आहेत, लाखोंच्या संख्येने. जखम तीच, जागा तीच, कारणही तेच. साखरेने मज्जातंतू क्षीण होतात आणि वेदनेचा निरोप थांबतो. बोटे आखडतात, कातडी कोरडी पडून भेगाळते. त्यात धमन्या तुंबलेल्या असतील तर भरून येण्याचे बळही राहत नाही. चेंगलपट्टूच्या मुलाकडून शिकलेला धडा कारव्हिलमार्गे जगभरच्या मधुमेह रुग्णालयांत पोहोचला. १९८९ मध्ये अमेरिकेत म्युलर आणि सहकाऱ्यांनी मधुमेही जखमांवर या प्लास्टरची रीतसर चाचणी घेतली. प्लास्टर घातलेल्या २१ रुग्णांपैकी १९ जणांच्या जखमा भरल्या, सरासरी सुमारे सहा आठवड्यांत. नेहमीच्या मलमपट्टीवर ठेवलेल्या १९ पैकी केवळ ६ जणांच्या भरल्या. मलमपट्टी जखमेवर होत होती आणि रुग्ण त्याच जखमेवर चालत घरी जात होता. दुसरे काय होणार?

कारव्हिलनेच आणखी एक साधी वस्तू मधुमेहाला दिली. नायलॉनचा एक ताठ धागा, दहा ग्रॅम भार पडला की वाकणारा. तो तळव्याला टेकवावयाचा आणि रुग्णाने डोळे मिटून 'कळले' म्हणावयाचे. हा दाब ज्याला कळत नाही त्याचे पाऊल धोक्यात आहे, हे तेथील बर्क आणि सिम्स यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. या तपासणीला दोन मिनिटे लागतात, वीज लागत नाही.

पाय नेमके कसे जातात, याचा शोध घेणारा एक अभ्यास मला विशेष वाटतो. १९९० मध्ये सिएटल येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयातील पेकोरारो आणि सहकाऱ्यांनी मधुमेही रुग्णांच्या ८० अवयवच्छेदनांचा मागोवा घेतला. पाय कापण्याच्या दिवसापासून मागे मागे जात, सुरुवात कोठे झाली ते त्यांनी शोधले. सुमारे ८४ टक्के पायांच्या मागे आधी एक साधी जखम होती, आणि बहुतेक जखमांच्या मागे एखादी क्षुल्लक इजा होती. जोडा चावला होता, किंवा असेच काहीतरी. एक वर आलेला खिळा. वाचताना मी तेथे थांबलो.

लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात मायकेल एडमंड्स यांनी १९८१ मध्ये केवळ मधुमेही पायांसाठी दवाखाना सुरू केला होता. तेथे मधुमेहतज्ज्ञ, सर्जन, पायांची निगा राखणारा, परिचारिका आणि जोडे करणारा एकाच खोलीत बसत. १९८६ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले तेव्हा अवयवच्छेदने लक्षणीय घटल्याचे दिसले. त्यांनी नवे औषध शोधले नव्हते. १९८९ मध्ये इटलीतील सेंट व्हिन्सेंट येथे युरोपातील सरकारांच्या व रुग्णसंघटनांच्या प्रतिनिधींनी पाच वर्षांत मधुमेही गँगरीनची अवयवच्छेदने निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. जाहीरनाम्यांविषयी फार लिहीत नाही.

ज्या भूमीतून धडा निघाला तेथे तो परत यावयास मात्र वेळ लागला. आपल्याकडे मधुमेहाचा डॉक्टर वरची तपासणी करी, सर्जन कापी आणि मधली जागा रिकामी असे. ती भरण्याचे काम येथील काही मंडळींनी केले. मुंबईचे सर्जन डॉ. अरुण बाळ यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये डायबेटिक फूट सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी आंतरराष्ट्रीय सहकाऱ्यांसमवेत 'स्टेप बाय स्टेप' हा उपक्रम चालविला. त्यात एक डॉक्टर आणि त्यांच्याच केंद्रातील एक परिचारिका अशा जोडीला प्रशिक्षण दिले जाई. काही काळ काम करून तीच जोडी पुढच्या टप्प्यासाठी परत येई. टांझानियातही तो राबविला गेला. एका मराठी डॉक्टरच्या सहभागाने घडलेला हा नमुना गरीब देशांसाठी आदर्श म्हणून वैद्यकीय नियतकालिकांत मांडला गेला, याचा अभिमान वाटतो. पण येथील किती वाचकांना ते ठाऊक आहे, हे विचारवत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे आहे. त्यांचे पाय २० कोटी.

कापलेल्या पायाचे पुढे काय, हाही या इतिहासाचा भाग आहे. जयपूर फूट हा आपल्या देशाचा खरा गौरव. कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी सवाई मानसिंग रुग्णालयात १९६८ च्या सुमारास तो घडविला. मांडी घालून बसता येईल, उकिडवे बसता येईल, शेतात अनवाणी वावरता येईल असे ते पाऊल. १९७५ मध्ये देवेंद्रराज मेहता यांनी जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. काही वर्षांपूर्वी अपघातात त्यांचा स्वतःचाच पाय जाता जाता वाचला होता. समितीने हा पाय लक्षावधी गरजूंपर्यंत विनामूल्य पोहोचविला. अपघातात पाय गेलेला तरुण तो लावून सायकल चालवितो, झाडावर चढतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मधुमेही माणसाची गोष्ट मात्र थोडी वेगळी असते. त्याचा दुसरा पायही बधिर असतो आणि आता सगळा भार त्याच्यावर येतो. मांडीतून पाय गेलेल्या वृद्धाला कृत्रिम पाय पेलण्याची ताकद पुष्कळदा नसते. मोठे अवयवच्छेदन झालेल्या मधुमेही रुग्णांपैकी सुमारे निम्मे पाच वर्षांत जग सोडतात. साचाखात्यातील गृहस्थ दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात गेले, असे त्यांचा मुलगा सांगून गेला. त्यांना कोणताच पाय बसविता आला नव्हता.

आपल्या ट्रस्टच्या मोफत मधुमेह तपासणी शिबिरात मी काही वर्षे बसतो. तेथे रक्त तपासले जाते, रक्तदाब पाहिला जातो, वजन होते. पादत्राणे अर्थातच दाराबाहेर असतात. त्यामुळे माझे काम सोपे होते. मी एवढेच करतो की, प्रत्येकाला खुर्चीवर बसवून पाय स्टुलावर ठेवावयास सांगतो. सुरुवातीला ज्येष्ठ मंडळींना, विशेषतः भगिनींना, डॉक्टरांसमोर पाय पुढे करणे अवघड वाटे. वयाने मोठ्या स्त्रीच्या पायाला मी हात लावला की ती पाय मागे घेई. आता सवय झाली आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या शिबिरात सत्तरीच्या एक आजी आल्या होत्या. सकाळी दर्शन, मग प्रवचन आणि उन्हे चढल्यावर संगमरवरी आवारातून अनवाणी शिबिरापर्यंत. साखर बेताची, चेहरा प्रसन्न. धागा तळव्याला टेकवला. त्या डोळे मिटून वाट पाहत राहिल्या. दुसऱ्या जागी टेकवला, तिसऱ्या जागी टेकवला. "लावा ना डॉक्टर," त्या म्हणाल्या. उजव्या तळव्यावर रुपयाच्या नाण्याएवढा ताजा फोड होता, पाण्याने टच्च भरलेला. मी टेबलावरचा हातआरसा त्यांच्या तळव्याखाली धरला. त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिले आणि विचारले, "हा माझाच पाय का?"